उताणं पडून शिकलेलं आभाळ

ज्यांना डॉक्टरांनी "आडवं पडा, उठायचं नाही" असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण त्यांना माझा राग कळायचा नाही. धडधाकट बाईला उताणं पाडून ठेवलं की तिला आधी रडू येत नाही, राग येतो. मला तर छताच्या पंख्याचाही राग यायचा. तो फिरायचा आणि मी नाही!

मी शोभा. निमगाव केतकीत ब्लाउज शिवते, वीस वर्षं झाली. पाठ दुखायला लागली तेव्हा सगळे म्हणाले, मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची पाठ दुखणारच. मीही तेच म्हणायचे. विटेचा शेक घेतला, मेडिकलमधून गोळ्या आणल्या, पाच महिने काढले. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, तिकडं लक्ष दिलं नाही. माझेच ब्लाउज मला ढिले व्हायला लागले, तर मी दोन्ही बाजूंनी टिपा मारून आत घेतले. गिऱ्हाईक असं वाळलं असतं तर मी हटकलं असतं, काय गं, बरी आहेस ना? स्वतःला कोण विचारतंय.

मग एका आठवडी बाजारात भाजीवाली मागनं ओरडली, "ओ ताई, चप्पल ऱ्हायली की!" वळून बघितलं तर माझ्या डाव्या पायातली चप्पल दहा पावलं मागं पडलेली. मी एका चपलेवर चालत होते आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी मात्र मी घाबरले. घरी येऊन ह्यांना सांगितलं, उद्या बारामतीला जायचं, मोठ्या दवाखान्यात.

तो दिवस

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, "मणक्याचा टीबी आहे."

"पण मला खोकला नाही," मी म्हटलं. जसं काही त्यांचं चुकलंय.

त्यांनी समजावून सांगितलं. टीबी हाडालाही होतो, औषधानं बरा होतो, औषध वर्ष-दीड वर्ष चालेल. माझ्या ताटावाट्या वेगळ्या करायची गरज नाही. पण मणका आतून ठिसूळ झालाय आणि पायाच्या नसेवर दाब आहे. तीन महिने पूर्ण आडवं राहायचं. बसायचं नाही, उभं राहायचं नाही, कूस बदलायची तरी दुसऱ्यानं ओंडका वळवल्यासारखं वळवायचं.

"जेवायला तरी उठायचं ना?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"पाय राहील का माझा?" मी विचारलं.

"वेळेत आलाय. पण आता ते औषधाइतकंच तुमच्या पडून राहण्यावर आहे."

त्यावर मी काय म्हणावं? मी म्हणाले, "माझ्याकडं चौदा ब्लाउज आहेत, लग्नाचे." मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं नुसतं बघत राहिल्या. तेव्हा कुठं मला कळलं की हे माझ्याबद्दल चाललंय.

आठ दिवस तिथंच ठेवलं. पहाटे पाचला थर्मामीटर, मग फिनेलचा वास, मग गोळ्यांची मूठ. एक गोष्ट सांगून ठेवते, ती मला कुणी सांगितली नव्हती. त्या गोळ्यांनी लघवी लालभडक होते. मला वाटलं, संपलं सगळं. मी वॉर्ड डोक्यावर घेतला. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, गोळीचा रंग आहे तो." शेजारच्या खाटेवरची बाई दोन दिवस हसत होती.

घरी येताना गाडीच्या मागच्या सीटवर मला झोपवलं. पुढं हे बसलेले आणि ह्यांच्या हातात माझ्या दोन्ही चपला. पायाशी ठेवायला जागा होती, पण घर येईपर्यंत त्यांनी त्या खाली ठेवल्या नाहीत.

घरचं

घरात माणसं मोजकी. हे बारामतीला एमआयडीसीत कामाला, मुलगी प्रज्ञा त्या वर्षी बारावी सायन्सला, आणि माझे सासरे, आबा. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली.

लघवी-संडासचं भांडं द्यायचं काम प्रज्ञाकडं आलं. पोरगी सकाळी भांडं धुऊन, हात धुऊन, बोर्डाच्या पेपराला जायची. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "प्रज्ञा, माझ्यापायी तुझं वर्ष जाणार गं."

"आई, फिजिक्सपेक्षा भांडं धुणं सोपंय," ती म्हणाली. मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "तू फक्त उठू नको. मला पेपरात तेच दिसत राहतं, तू उठलीयेस म्हणून." त्या दिवशी मी तोंडावर पदर घेऊन रडले. रविवारी भांडं हे उचलायचे. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण नवरा म्हणजे काय ते मला त्या रविवारांनी कळलं.

गिऱ्हाइकांपैकी एक बाई कापड परत न्यायला आली. दारातूनच प्रज्ञाला विचारत होती, शिवलेल्यातून लागतं का गं? मी आतून ओरडले, "शिवलेल्यातून न्हाय लागत, बोललेल्यातून लागतं!" ती गेली. आता परत येते माझ्याकडं, मीही शिवून देते.

खरी पंचाईत आबांची होती. आमच्यात सासरे आले की सून उठून उभी राहते. पदर सावरते, बाजूला होते. आबांसमोर मी कधी पाय पसरून बसलेलीसुद्धा नव्हते, आणि आता दिवसभर उताणी. मला उठता येईना, म्हणून मग आबाच माझ्या खोलीत येईनात. पाणी प्यायला माठ माझ्या खोलीत, तर म्हातारा शेजारी जाऊन पाणी पिऊन यायचा. मला वाटायचं, मी जिवंत असून त्यांच्या लेखी मेले.

बाहेर

होळीच्या आधीच पत्रा तापायला लागला. एका संध्याकाळी बाहेरून आबांचा आवाज आला, ह्यांना सांगत होते, "अरं तिला भाईर काढ. हितं भाजून निघंल ती. आन् मी बसतो लांब."

लोखंडी कॉट, वर प्लायवूडची फळी, फळीवर मी. दोघा बापलेकांनी आणि शेजारच्यानं मला अंगणात काढलं. मग रोज दिवस मावळताना बाहेर आणि जेवणं झाली की आत, असं ठरूनच गेलं. आबा माझ्या डोक्याच्या मागच्या अंगाला स्टूल टाकून बसायचे. म्हणजे त्यांना मी दिसायची नाही आणि मला ते.

पहिले तीन दिवस एक शब्द नाही. चौथ्या दिवशी लाइट गेली. समोरच्या खांबावरचा दिवा विझला आणि एवढ्या चांदण्या निघाल्या की मी "अगं बाई!" म्हणाले.

मागनं आवाज आला. "तिकांडं दिसतंय का?"

"कुठलं, आबा?"

"डोस्क्यावर बघ. तीन चांदण्या एका वळीत. तू टीप मारतीस तशा."

बघितल्या. एका ओळीत तीन, अगदी जवळ जवळ.

"टीप जरा तिरकी हाय," मी म्हटलं.

आबा हसले. वीस वर्षांत मी त्यांना माझ्या बोलण्यावर हसताना ऐकलं नव्हतं.

आबांनी उभं आयुष्य कारखान्याच्या मळ्यात रात्रीचं पाणी धरलं. मनगटावर घड्याळ नव्हतं. तिकांडं कलायला लागलं की वाफा बदलायचा, शुक्राची चांदणी निघाली की घरचा रस्ता धरायचा. त्यांना हे सगळं तोंडपाठ होतं आणि घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. तिकांड्याभोवतीच्या चार चांदण्या म्हणजे हरणाचे पाय, सगळं मिळून मृग. तिकांड्याची रेघ खाली वाढवली की लखलखणारा व्याध. वर वाढवली की तांबूस रोहिणी, आणि तिच्या पलीकडं कृत्तिकांचा झुबका. रोहिणीच्या जवळ एक फार मोठी चांदणी होती, ती मी विचारली तर आबा म्हणाले, "ती हितली न्हवं. पाव्हणी हाय. पुढच्या साली दुसरीकडंच असंल." प्रज्ञानं मोबाइलवर बघितलं. तो गुरू होता.

आम्ही दोघं वर बघायचो, त्यामुळं एकमेकांकडं बघावं लागत नव्हतं. बोलणं सोपं झालं. मळ्यात साप निघाला ते, सासूबाई रागावून माहेरी गेल्या ते, सगळं आबांनी मला चांदण्यांच्या मधून मधून सांगितलं. संध्याकाळी लाइट कधी जाते याची वाट बघणारी गावातली मी एकटीच बाई.

एकदा शेजारच्या काकू येऊन बसल्या. म्हणाल्या, "एवढी नक्षत्रं बघताय तर शोभाचा शनी पण दाखवून घ्या कुणाला तरी."

आबा ताडकन म्हणाले, "चांदण्या वाट दावाय हायत्या, नशीब दावाय न्हाय. माझ्या बापानं छप्पन सालीच त्ये सगळं सोडलं. आमी तिकडं निस्तं बघतो." काकू चहा न घेता गेल्या. चहा मग आबांनी प्यायला.

चंद्राचं

चाळीस पार केलेल्या बाईनं हे कबूल करायला लाज वाटते, पण मला वाटायचं चंद्र रोज संध्याकाळी उगवतो. पडून राहिल्यावर कळलं, त्याचं वेळापत्रक एसटीपेक्षा अवघड आहे. अमावास्या झाली की दोनेक दिवसांनी मावळतीला कोर दिसते आणि लगेच बुडते. अष्टमीला दिवस मावळताना तो डोक्यावर असतो. पुनवेला इकडं सूर्य बुडतो, तिकडं हा निघतो. आणि पुनव झाली की रोज उशीर. मी वाट बघत बसायची, मला आत न्यायची वेळ व्हायची, आणि ह्याचा पत्ता नाही.

एका सकाळी खिडकीतून निळ्या आभाळात अर्धा चंद्र दिसला. मी एवढ्यानं ओरडले की प्रज्ञा पुस्तक टाकून पळत आली. तिला वाटलं, मी पडले. मग तिनं मोबाइलची बॅटरी लावून एक मोसंबं माझ्या तोंडाभोवती फिरवून दाखवलं, उजेड कुठनं पडतो, अर्धं का दिसतं. मला कळलं आणि आनंदानं मी ते मोसंबं खाल्लं.

माझी चूक

आता जे सांगायला बसले होते ते.

आबा दर पुनवेला पांढरा सदरा घालून विहारात वंदनेला जातात. त्यांचा महिना तोच. मॅडमनी सांगितलेले तीन महिनेही त्यांनी तसेच धरले. चैत्राच्या पुनवेला विहारातून आले आणि नेहमीसारखे मागं न बसता पहिल्यांदाच माझ्यासमोर उभे राहिले.

"शोभा, तीन पुनवा झाल्या. तू दवाखान्यात हुतीस ती माघाची, मग होळीची, आन् ही तिसरी. झालं तुझं. ऊठ."

दोन दिवसांवर चौदा एप्रिल होता. आमच्याकडं त्या दिवसापेक्षा मोठा सण नाही. दरवर्षी मी निम्म्या आळीचे पांढरे ब्लाउज शिवते आणि स्वतः मिरवणुकीत पुढं असते. त्या वर्षी पॅडलवर पाय ठेवला नव्हता. ढोलाची तालीम रोज कानावर येत होती.

आणि मला तारीख माहीत होती. हे मी लपवणार नाही. माघाची पुनव मी आडवी झाल्यावर दोनच दिवसांनी आली होती, म्हणजे तीन पुनवा झाल्या तरी महिने दोनच झाले होते. शिवणाऱ्या बाईला एवढं मोजता येतं. पण आबा "ऊठ" म्हणाले आणि मला वाटलं, वडीलधाऱ्या माणसानं सांगितलंय, आता माझ्यावर नाही.

हे कामावर होते, म्हणून त्या दिवशी मला शेजाऱ्यांनी अंगणात काढलं होतं, आणि प्रज्ञा दुकानात गेली होती. मी कुशीवर वळले, कोपरावर आले, बसले. अंगण गरकन फिरलं. उभी राहिले. आबांनी हात पुढं केला, पण सासऱ्याचा हात कसा धरायचा म्हणून मी कॉटची कड धरली. अकरा पावलं चालले. बाराव्याला डावा पाय होताच कुठं? धुण्याच्या दगडाजवळ गुडघ्यांवर आपटले आणि पाठीतून अशी कळ गेली की आवाजच फुटेना.

आबांना मला उचलता येईना. ते नुसते "पोरी, पोरी" करत राहिले. प्रज्ञा आली, तिच्या हातातली दुधाची पिशवी फुटली. हे घरी आले तेव्हा जन्मात पहिल्यांदा बापावर ओरडले, "तुमाला कॅलेंडर वाचता येत न्हाय का?"

दुसऱ्या दिवशी बारामती. परत ते एमआरआयचं मोठं मशीन, परत बाकावर बसलेले हे आणि स्ट्रेचरवर मी. दीड तास लागला. त्या दीड तासात मी पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करत होते आणि तो हलतोय की मला भास होतोय तेच कळत नव्हतं. मी चादरीखाली सारखं म्हणत होते, एवढा पाय राहू दे. ब्लाउज नको, जयंती नको, एवढा पाय राहू दे.

मॅडम आल्या. मणका खचला नव्हता. थोडक्यात वाचलं होतं. "नशीब नाही, औषधानं धरून ठेवलंय," त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. आता उरलेला एक महिना नाही, आजपासून पुढं पूर्ण सहा आठवडे. सहा म्हणजे बेचाळीस दिवस. "लिहून देऊ?" मी म्हटलं, द्या. त्यांनी खरंच कागदावर तारीख लिहून दिली.

पुढचे बेचाळीस

चौदा एप्रिल मी पत्र्याखाली ऐकला. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आबा आठ दिवस अंगणात आले नाहीत. जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे. शेवटी मी प्रज्ञाला पाठवून त्यांना बोलावलं आणि म्हटलं, "आबा, मागं न्हाय, हितं समोर बसा." ते बसले. जमिनीकडं बघत होते.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "दोनच महिने झालेत ते. तुमी सांगितलं म्हणून न्हाय उठले, मला उठायचं होतं म्हणून उठले. तुमच्या नावावर ढकललं."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मलाबी शंका हुती," ते म्हणाले. "पर तू रोज त्या ढोलाकडं कान लावायचीस. म्या म्हटलं, पुनवा तर तीन झाल्यात्या. बगू." मग म्हणाले, "चांदनं बघून वाफा बदलावा. औषध न्हाय बदलू."

त्या दिवसापासून प्रज्ञानं कॅलेंडर माझ्या कॉटसमोर खिळ्याला लावलं. तारीख रोज ती खोडायची, आभाळ आबा आणि मी बघायचो. दोन्ही कामं वेगळी ठेवली.

आणि खरं सांगू, ते बेचाळीस दिवस मजेत गेले. राग कुठं गेला कुणास ठाऊक. मृग मावळतीला टेकला होता. ईशान्येला सप्तर्षी चढायचे. आबांच्या भाषेत ती म्हातारीची बाज, चार खूर आणि ती पळवून नेणारे तीन चोर. मी म्हणायचे, "वरच्या म्हातारीची बाज तीन चोर नेतात, माझी उचलायला तिघं असून रोज कुरकूर." बाजेच्या चोरांचा बाक तसाच पुढं नेला की स्वाती, तिच्या पुढं चित्रा. पंजा पसरल्यासारखा हस्त तर मी आबांच्या आधी ओळखला. आबा म्हणाले, "व्हय की!" तेवढ्यासाठी मी दिवसभर खूश. मेच्या शेवटी लाल ज्येष्ठा आणि मागं विंचवाची नांगी, एवढी स्पष्ट की चित्र काढावं. प्रज्ञाचा निकाल त्याच दिवसांत लागला. फिजिक्सला पण पास, आणि चांगली पास.

पहिल्यांदा उभं केलं ते मॅडमनी स्वतः. कमरेला पट्टा, हातात वॉकर. त्या दिवशी सहा पावलं, आठवड्यानं चाळीस, पाऊस सुरू झाला तेव्हा घरभर. डावा पाय अजून जरा ओढतो. गोळ्या अजून चालू आहेत, एकही चुकवत नाही. मशीनवर अर्धा तास बसते, मग उठते.

लासुर्णे

मागच्या महिन्यात गावातल्या आशाताईंनी निरोप दिला. लासुर्ण्यात एका पोरीला हेच झालंय, वीस वर्षांची आहे, आईचा जीव टांगणीला लागलाय, जरा जाऊन येता का. मी एसटीनं गेले. एकटी.

पोरीला आतल्या खोलीत ठेवलेलं. खिडकीला चादर लावलेली. आई हळू आवाजात म्हणाली, "भाईर ठिवली तर लोक बघत्यात. उद्या लग्नाचं बघायचंय."

मला माझा जुना राग आला. "बघू देत की! लोकांनी बघितलं म्हणून हाड न्हाय मोडत. आधी तिला चालू दे, मग लग्नाचं. कॉट भाईर काढा."

काढली. दिवस मावळायला अजून वेळ होता, पूर्वेला फिकट पांढरा चंद्र वर आला होता. मी तिला म्हटलं, बघ, भरत आलाय, दोन दिवसांत पुनव. पण डॉक्टरची तारीख कागदावरच बघायची, ह्याच्यावर नाही. तिचं लक्षच नव्हतं. ती मान वळवून माझ्या पायांकडं बघत होती.

"काकू, तुमची पण चप्पल निसटायची?"

"निसटायची. आन् कळायचं न्हाय."

"अकराच पावलं चालला होता तुम्ही? आशाताई म्हणाल्या."

"अकरा. बाराव्याला पडले."

तिनं माझ्या कमरेचा पट्टा बघितला. मग म्हणाली, "आता चालून दाखवा."

मी उठले. पट्टा सारखा केला आणि तिच्या कॉटपासून फाटकापर्यंत गेले, फाटकाला हात लावला आणि परत आले. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला होता. पोरगी मात्र रडत नव्हती, ती डोळे फाडून पावलं मोजत होती.

"परत," ती म्हणाली.

मी परत गेले.